झडती मुलाची, घर सगळ्यांचं

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. आमचा मुलगा २३ वर्षांचा, इथेच जन्मलेला. नशेच्या गोळ्या विक्रीसाठी जवळ बाळगल्याचा गुन्हा त्याने गेल्या वर्षी कबूल केला. काही दिवस काउंटी जेलमध्ये काढल्यावर त्याला २ वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर राहून अटींवरची देखरेख, मिळालं. नोकरी गेली, म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी सात वाजायच्या आत दार वाजलं. तीन पोलीस आणि त्याच्या प्रोबेशन ऑफिसरबाई. वॉरंट मागितलं तर म्हणाले, ‘त्याला सर्च कंडिशन (झडतीची अट) आहे, वॉरंट लागत नाही.’ मी दारात उभी राहून सांगितलं की घर माझ्या नि मिस्टरांच्या नावावर आहे, मी परवानगी देत नाही. तरी आत आले. मुलाची खोली उपसली, त्याचं मला काही नाही. पण मग स्वयंपाकघर, गराज आणि सासूबाईंची खोली. त्या पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आल्या आहेत. त्यांना हॉलमध्ये बसवून त्यांचं कपाट, सुटकेसमधल्या साड्या, पर्स, जपमाळेची पिशवी, सगळं पलंगावर ओतलं. कपाटात मुलाची एक जुनी बॅग होती, तेवढंच निमित्त. मिस्टरांच्या ऑफिसच्या लॅपटॉपचा पासवर्ड मागितला, तो त्यांनी दिला नाही. मुलाने मात्र फोनचा पासकोड सांगून टाकला आणि एक जण उभ्या उभ्या त्याचं व्हॉट्सॲप वाचत राहिला. काहीही सापडलं नाही. त्या दिवसापासून सासूबाई रात्री दाराला खुर्ची लावून झोपतात.

पुण्याचे दीर म्हणतात, पंच नव्हते, पंचनामा नाही, म्हणजे झडतीच बेकायदा. मिस्टर म्हणतात, मुलाचा पत्ता मित्राच्या घरचा लावू, नाहीतर त्याला बाहेर खोली घेऊन देऊ. मला एवढंच कळत नाही की गुन्हा त्याचा, मग आमच्या घरात आमच्या ‘नाही’ला काहीच किंमत नाही का? अमेरिकेच्या राज्यघटनेत घराच्या झडतीबद्दल एवढं लिहिलंय म्हणतात, ते आमच्यासाठी नाही का?

– एक आई

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. खुर्चीची ओळ वाचून थांबलो. आधी सरळ उत्तर देतो, कारण तुम्हाला धीर हवाय आणि खोटा धीर देऊन उपयोग नाही. तुमच्या ‘नाही’ने ते दारात थांबायला कायद्याने बांधलेले नव्हते. मुलाच्या खोलीत जाण्याचा अधिकार त्यांना होता, स्वयंपाकघर नि गराजमध्येही बहुधा होता. पण सासूबाईंची पर्स आणि सुटकेस, मिस्टरांचा लॅपटॉप आणि मुलाच्या फोनमधलं व्हॉट्सॲप हा वेगळा विषय आहे. तिथे राज्यघटना तुमच्या बाजूने बोलते आणि तिथे तुम्ही गप्प बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी घटनादुरुस्ती १७९१ सालची. सरकारने लोकांच्या अंगाची, घराची, कागदपत्रांची नि वस्तूंची अवाजवी झडती घेऊ नये, आणि वॉरंट निघायचं तर त्याला सबळ कारण असावं, एवढंच ती सांगते. सगळा वाद ‘अवाजवी’ कशाला म्हणायचं याचा आहे. प्रोबेशनवरच्या माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्तर दोन टप्प्यांत दिलं. १९८७ च्या ग्रिफिन विरुद्ध विस्कॉन्सिन खटल्यात न्यायालयाने म्हटलं की प्रोबेशन ही देखरेखीची व्यवस्था आहे, त्यामुळे प्रोबेशन ऑफिसरला घराची झडती घ्यायला वॉरंट लागत नाही, नियमात सांगितलेलं रास्त कारण असलं की पुरे. पाच विरुद्ध चार मतांनी लागलेला निकाल होता तो. नंतर २००१ चा युनायटेड स्टेट्स विरुद्ध नाइट्स, आणि तो थेट तुमच्या शेजारच्या नापा काउंटीतला. ड्रग्जच्या गुन्ह्यात प्रोबेशनवर असलेल्या माणसाने तुमच्या मुलाच्याच अटीसारख्या अटीवर सही केली होती : अंग, वस्तू, राहतं घर, गाडी यांची कधीही, वॉरंट असो नसो, कारण असो नसो, कोणत्याही पोलिसाकडून झडती. वीज कंपनीच्या मालमत्तेच्या नासधुशीत त्याचा हात असल्याचा संशय आला आणि एका डिटेक्टिव्हने वॉरंट न घेता त्याच्या घराची झडती घेतली. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती वैध ठरवली. अशी अट आणि सोबत रास्त संशय, एवढं असलं की वॉरंट नको.

या निकालात न्यायालयाने काय म्हटलं नाही, तेही लक्षात ठेवा. सही केली म्हणजे सगळे हक्क सोडले, असं न्यायालयाने ठरवलं नाही, तो प्रश्न बाजूला ठेवला. संशय अजिबात नसताना प्रोबेशनरची झडती चालेल का, हाही प्रश्न उघडा सोडला. पॅरोलवाल्यांच्या बाबतीत मात्र २००६ मध्ये सॅमसन विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात संशयाशिवायची झडतीही सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य झाली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी तेव्हा विरोधी मत नोंदवलं आणि माझा कल आजही त्यांच्याकडे आहे. पण तुमचा मुलगा पॅरोलवर नाही. पॅरोल म्हणजे राज्याच्या तुरुंगातून सुटल्यावरची देखरेख. प्रोबेशनवाल्याचे हक्क त्याहून एक पायरी वर आहेत. तुमच्या ओळखीत कोणी ‘एकच आहे हो’ म्हणालं तर ऐकू नका.

इथल्या फेडरल अपील न्यायालयाने, म्हणजे नाइन्थ सर्किटने, हिंसक गुन्ह्यातल्या प्रोबेशनरच्या बाबतीत संशयाशिवायची झडतीही २०१३ मध्ये चालवून घेतली. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये अहिंसक ड्रग गुन्ह्यातल्या माणसाच्या खासगीपणाला जास्त वजन दिलं. फोनच्या ओघात त्याकडे येतोच. कॅलिफोर्नियाची स्वतःची न्यायालयं तुमच्या मुलासारखी अट असली की विशिष्ट संशयाचा आग्रह धरत नाहीत. मात्र दोन बंधनं ती पाळायला लावतात. एक, झडतीच्या वेळी पोलिसांना अट आहे हे माहीत असलं पाहिजे. आधी घुसायचं आणि मागाहून ‘अरे, हा तर प्रोबेशनवर होता’ म्हणून सारवासारव करायची, हे २००३ च्या सँडर्स निकालानंतर चालत नाही. आणि दोन, झडती छळ करण्यासाठी किंवा मनमानीने घेता येत नाही. तुमच्याकडे प्रोबेशन ऑफिसर स्वतः हजर होत्या, तेव्हा पहिला मुद्दा तुमच्या कामाचा नाही. दुसरा मात्र लक्षात असू द्या. दर आठवड्याला, रात्री-अपरात्री येऊ लागले तर प्रत्येक फेरीची तारीख नि वेळ लिहून ठेवा.

आता तुमच्या ‘नाही’बद्दल. ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सल्ल्यातून आलं असेल, पण सल्ला अगदीच निराधार नव्हता. २००६ च्या जॉर्जिया विरुद्ध रँडॉल्फ खटल्यात बायकोने पोलिसांना घरात या म्हटलं आणि दारात उभ्या नवऱ्याने येऊ नका म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या नकाराला मान दिला. मग आईच्या नकाराला का नाही? हाच प्रश्न घेऊन सांता क्लाराची एक आई नाइन्थ सर्किटपर्यंत गेली. तिची मुलगी प्रोबेशनवर होती आणि एका गंभीर गुन्ह्यात पोलिसांना हवी होती. आई दारात नाही म्हणाली, पोलीस आत गेले. २०१७ च्या स्मिथ विरुद्ध सिटी ऑफ सांता क्लारा या निकालात न्यायालयाने सांगितलं की रँडॉल्फचा नियम संमतीवर चालणाऱ्या झडतीचा आहे, प्रोबेशनची झडती संमतीवर उभी नाही, तेव्हा सोबत राहणाऱ्याच्या नकाराने ती थांबत नाही. तिथे मुलीवर गंभीर गुन्ह्याचा संशय होता, तुमच्याकडे तसं काही नव्हतं. हा फरक वकील मांडू शकेल. पण दारात उभं राहून हा फरक पोलिसांना पटवता येत नाही.

मला हा निकाल पटलेला नाही. मुलाने अट स्वीकारली, आईने काहीच स्वीकारलेलं नव्हतं. ज्या घराने मुलाला तुरुंगाच्या दारातून परत आणून जेवायला घातलं, त्याच घराच्या दाराची कडी त्यामुळे सैल होते, हे न्यायालयांनी फार सहज सोडून दिलं. पण आजचा कायदा हा आहे आणि तुम्ही आजच्या कायद्यात राहता. नकार तोंडाने जरूर द्या. ‘आय डू नॉट कन्सेंट’ एवढं शांतपणे म्हणणं गुन्हा नाही आणि मग पुढे कोर्टात ‘घरच्यांनी संमती दिली होती’ असं पोलिसांना म्हणता येत नाही. मात्र दारात आडवं उभं राहू नका, हात पकडू नका, कपाटापुढून हलायला नकार देऊ नका. पोलिसांच्या कामात अडथळा आणणं हा कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडच्या १४८ कलमाखाली गुन्हा आहे. १ वर्षापर्यंत काउंटी जेल आणि १,००० डॉलरपर्यंत दंड. त्याच कलमात हेही आहे की तुम्हाला जिथे असण्याचा हक्क आहे तिथून पोलिसांचं चित्रीकरण करणं एवढ्यावरून तो गुन्हा ठरत नाही. मिस्टरांनी हॉलमध्ये बसून, मध्ये न येता, फोनवर रेकॉर्डिंग करावं. अधिकाऱ्यांची नावं, बॅज नंबर, कोण कोणत्या खोलीत गेलं हे त्याच दिवशी कागदावर उतरवावं.

खरी लढाई खोल्यांची आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या वुड्स खटल्यात ओढलेली रेघ अशी : प्रोबेशनर इतरांसोबत राहत असेल तर घराचे जे भाग पूर्णपणे किंवा सामाईकपणे त्याच्या ताब्यात आहेत असं पोलिसांना वाजवीपणे वाटतं, तेवढेच भाग झडतीला खुले. स्वयंपाकघर, हॉल, गराज सामाईक. त्याची खोली त्याची. तुमची बेडरूम, सासूबाईंची खोली, तिथे त्याचा ताबा नाही.

कागदावर रेघ स्वच्छ आहे. आपल्या घरात ती दिसत नाही. आजीच्या कपाटात नातवाची बॅग, नातवाच्या खोलीत आजोबांच्या फायली, बाबांच्या टेबलावर सगळ्यांचे चार्जर, गराजमध्ये तर कोणाचं काय कोणालाच ठाऊक नाही. दार कुणी लावून घेत नाही, लावलं तर लोक विचारतात बरं वाटत नाही का. झडतीला आलेल्या माणसाला हे सगळं ‘सामाईक ताबा’ वाटू शकतं आणि न्यायालय नंतर त्याला ‘वाजवी समज’ म्हणू शकतं. तुमच्याकडे कपाटातली ती जुनी बॅग नेमकं तेच काम करून गेली. म्हणून कपाटाबद्दल मी तुम्हाला शंभर टक्के खात्री देणार नाही.

पर्सबद्दल मात्र मी ठाम आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढे बेकर नावाचा खटला आला होता. पॅरोलवरचा माणूस गाडी चालवत होता, शेजारी बसलेल्या बाईच्या पायाशी तिची पर्स होती. त्याच्या अटीच्या जोरावर पोलिसांनी तिची पर्स उघडली. न्यायालयाने सांगितलं, ती पर्स उघडच तिची होती, त्याच्या अटीत ती येत नाही. सत्तरीच्या बाईच्या खोलीतली, तिच्या पलंगाशेजारची पर्स, नऊवारी साड्यांची सुटकेस आणि जपमाळेची गोमुखी पाहून हे तेवीस वर्षांच्या मुलाचं सामान असेल असं कुणालाही वाटू शकत नाही. मुलाच्या वकिलाला हे तपशीलवार लिहून द्या.

आणि आजच दुपारी घर वेगळं करायला घ्या. त्याची बॅग, बूट, हिवाळी जॅकेटं, शाळेच्या वेळच्या ट्रॉफ्यासुद्धा, जे जे त्याचं ते त्याच्या खोलीत. गराजमध्ये एक फळी त्याची, तिच्यावर त्याचं नाव. सासूबाईंच्या आणि तुमच्या खोलीला साधं कुलूप बसवून घ्या, किल्ली त्याच्याकडे नको, आणि तो त्या खोल्यांत खरोखरच जात-येत नाही असं राहू दे. नावाला कुलूप लावून उपयोग नाही. मिस्टरांचा लॅपटॉप रात्री त्यांच्या बेडरूममध्ये जाऊ दे, हॉलच्या टेबलावर नको. मग पुढच्या वेळी ‘ही खोली माझ्या सासूबाईंची आहे, मुलाला तिथे प्रवेश नाही, किल्ली त्यांच्याकडे आहे’ असं तुम्ही सांगाल, तेव्हा तो झडतीला नुसता नकार राहणार नाही. अधिकाऱ्याच्या ‘मला तसं वाटलं’ला ते आधीच दिलेलं उत्तर असेल. स्वतःच्या मुलाला घरात असं कप्प्यांत बसवणं तुम्हाला टोचेल, याची मला कल्पना आहे. त्याला कारण नीट सांगा. तेवीस वर्षांच्या मुलाला ते कळतं, आणि आजीची खोली आपल्यामुळे उपसली गेली हे त्याच्याही मनात असेलच.

हे करताना औषधांचा खण उघडून बघा. भारतातून येणारे आपल्यासाठी गोळ्यांच्या नुसत्या पट्ट्या आणतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, लेबलाशिवाय. सासूबाईंची झोपेची अल्प्राझोलाम, गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल. ही दोन्ही औषधं अमेरिकेत नियंत्रित यादीत आहेत. गोळ्यांच्याच गुन्ह्यात प्रोबेशनवर असलेल्या मुलाच्या घरात, हॉलच्या खणात, चिठ्ठीशिवायची पट्टी सापडली तर ती कुणाची हे सिद्ध करेपर्यंत त्याचा जीव जाईल. इथल्या डॉक्टरला दाखवून इथली बाटली घ्या आणि ती सासूबाईंच्या कुलूपबंद खोलीत ठेवा. त्याच ओघात एक लहानशी वाटणारी गोष्ट. त्याच्या अटीत लघवीची तपासणी असणारच, आणि अशी सक्तीची तपासणी हीसुद्धा घटनेच्या दृष्टीने झडतीच आहे. खसखशीमुळे त्या तपासणीत मॉर्फिन किंवा कोडीन दिसू शकतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२३ मध्ये आपल्या सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं ते याचसाठी. तेव्हा प्रोबेशन संपेपर्यंत अनारसे, खसखस घातलेलं वाटण, खसखशीची खीर त्याच्या पानात नको. होळीची भांग तर नकोच, हे वेगळं सांगायला नको.

फोनकडे येतो. २०१४ च्या रायली विरुद्ध कॅलिफोर्निया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की अटक केलेल्या माणसाच्या खिशातला फोनसुद्धा वॉरंटशिवाय चाळता येत नाही, कारण फोनमध्ये माणसाचं अख्खं आयुष्य असतं. प्रोबेशनवाल्याचं काय, याचं उत्तर नाइन्थ सर्किटने २०१६ च्या लारा खटल्यात दिलं. तो माणूसही अहिंसक ड्रग गुन्ह्यातला, अटही तशीच : अंग, घर, गाडी, वस्तू. अधिकाऱ्यांनी त्याचा फोन चाळला. न्यायालयाने म्हटलं, या शब्दांत फोनमधली माहिती स्पष्टपणे येत नाही, संशयही नव्हता, झडती अवाजवी. पुरावा बाद झाला. त्याशिवाय २०१६ पासून कॅलिफोर्नियात इलेक्ट्रॉनिक माहितीच्या खासगीपणाचा स्वतंत्र कायदा आहे. त्यात प्रोबेशनरच्या उपकरणाची वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर तशी अट आदेशात स्पष्ट आणि निःसंदिग्ध हवी. मोघम शब्द पुरत नाहीत. तशी अट असली तरी ती गुन्ह्याशी संबंधित हवी. रिकार्डो पी. या अल्पवयीन मुलाच्या २०१९ च्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी अट रद्द केली, कारण त्याच्या चोरीत फोनचा काही संबंध नव्हता.

तुमच्या मुलाच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. गोळ्यांची विक्री फोनवरून झाली असेल, तर इलेक्ट्रॉनिक्सची अट सरळ घातलेली असू शकते आणि ती टिकेलही. दुसरी, पासकोड त्याने स्वतः सांगितला. ती खुशीची संमती होती की चार अधिकारी समोर उभे असताना, नाही म्हटलं तर प्रोबेशन जाईल या भीतीने तोंडून निघालेलं उत्तर होतं, हा वादाचा मुद्दा होईल. त्याला आजच विचारा, नेमकं काय विचारलं गेलं, त्याने नेमकं काय म्हटलं. आठवणी लवकर गोल होतात. मिस्टरांचा लॅपटॉप मात्र त्याच्या अटीत कुठूनही येत नाही. पासवर्ड दिला नाही, हे योग्य केलं. पुढेही देऊ नये.

दिरांना सांगा की त्यांचं म्हणणं पुण्यात बरोबर आहे, इथे लागू नाही. भारतात झडतीला परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात. आधी ते दंड प्रक्रिया संहितेत होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. अमेरिकेत पंच ही सोय नाही. उलट बाजूने, बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा इथे फौजदारी खटल्यात बाद होऊ शकतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या पूरणमल खटल्यात तो नियम नाकारला. दोन्हीकडचे नियम एकत्र केले की नुसता गोंधळ होतो. आणि इथलाही नियम तुम्ही समजता तेवढा रुंद नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पॅरोल रद्द करण्याच्या सुनावणीत घटनेप्रमाणे असा पुरावा बाद करावाच लागतो असं नाही. प्रोबेशन रद्द करण्याच्या सुनावणीतही अशा हरकतीवर फार भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे नव्या खटल्यात जो कागद फेकला जाईल, त्याच कागदावर प्रोबेशन जाऊ शकतं. ‘झडती बेकायदा होती, आता ते काही करू शकत नाहीत’ या भरवशावर मुलाने राहू नये.

मिस्टरांच्या पहिल्या कल्पनेला माझं उत्तर एका शब्दात : नको. राहायचं एकीकडे आणि पत्ता दुसरीकडचा, हा प्रोबेशनच्या अटीचा सरळ भंग आहे, आणि मित्राच्या घरावरही हेच संकट येईल. दुसरी कल्पना, खोली घेऊन देणं, बेकायदा नाही. ऑफिसरला आधी कळवून पत्ता बदलता येतो. तो निघून गेला की त्याच्या अटीच्या जोरावर तुमच्या घरात येण्यासाठी तो तिथेच राहतो याचं पक्कं कारण पोलिसांकडे असावं लागेल. अधूनमधून जेवायला येतो एवढ्यावरून ते होत नाही. तरीही, ताई, माझा कौल विरोधात आहे. एकट्या खोलीत, नोकरी नसताना, जुन्या ओळखी फोनमध्ये असताना तेवीस वर्षांचं पोर कुठे जातं हे तुम्ही एकदा पाहिलंय. झडतीचा त्रास मोठा आहे, पण तो मोजता येतो. २०२१ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक फेलनींना, म्हणजे गंभीर गुन्ह्यांना, प्रोबेशनची कमाल मुदत २ वर्षं आहे आणि त्यातला काही काळ गेलाच आहे. त्याला घरात ठेवा. सासूबाईंना वाटत असेल तर त्यांचा मुक्काम लवकर आटोपू शकतो, पण झडती झाली म्हणून त्यांच्या व्हिसाला काही होत नाही, हे त्यांच्याशेजारी बसून सांगा.

आता करायच्या गोष्टी. मुलाच्या वकिलाकडे जा, पब्लिक डिफेंडर (सरकारी खर्चाने मिळालेला बचावाचा वकील) असेल तर त्यांच्याकडेच, आणि प्रोबेशनच्या आदेशाची पूर्ण प्रत मागा. सही केलेलं पान असतं, मागे अटींची यादी असते, काही अटींपुढे खुणा असतात, काहींपुढे नसतात. कोणत्या चौकोनात खूण आहे ते बघा. बॉडी कॅमेऱ्याचं चित्रीकरण जपून ठेवावं असं पत्र वकिलाने पोलीस खात्याला लगेच पाठवावं. अटी बदलण्याचा अधिकार न्यायाधीशांना प्रोबेशन चालू असेपर्यंत असतो. मुलाने कार्यक्रम नीट पूर्ण केला, तपासण्या स्वच्छ आल्या, काम मिळालं, तर झडतीची अट अरुंद करण्याचा, किंवा प्रोबेशन मुदतीआधी संपवण्याचा अर्ज करता येतो. घरात आजारी किंवा वयस्कर माणसं आहेत हेही न्यायाधीशांपुढे मांडता येतं.

सासूबाईंच्या पर्सबद्दल भरपाईचा दावा करायचा की नाही हे तुमच्या घराने ठरवायचं. मी दडपण आणणार नाही. राज्याच्या कायद्याखाली शहर किंवा काउंटीविरुद्ध जायचं तर आधी लेखी क्लेम द्यावा लागतो आणि त्याची मुदत घटनेपासून ६ महिन्यांची असते. घटनात्मक हक्कांच्या फेडरल दाव्याला कॅलिफोर्नियात २ वर्षं मिळतात. सासूबाई परतणार असतील तर जाण्याआधी त्यांनी त्या सकाळी काय पाहिलं हे त्यांच्या शब्दांत, मराठीत का होईना, लिहून सही-तारखेसह वकिलाकडे देऊन जावं. तीन आठवडे गेलेच आहेत.

आदेशाची प्रत हातात आली की इलेक्ट्रॉनिक उपकरणांबद्दलचं वाक्य, असेल तर, शब्दन् शब्द मला पाठवा. फोनबद्दल पुढे काय बोलायचं ते त्या वाक्यावर ठरेल.